उघाडी लावलीस काय?

आमच्या हिराजीकाकाच्या मोबाइलवर रोज गजर व्हायचा, पण रोज वेगळ्या वेळी. आज दोनला झाला तर उद्या पावणेतीनला, परवा साडेतीनला. शारजातल्या चौदाव्या मजल्यावर गजर वाजला की काका हातातला चहा खाली ठेवायचा, चष्मा लावायचा आणि पेण तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात मला फोन करायचा.

"पक्या, उघाडी लावलीस काय रं?"

कसा आहेस नाही, पोरं काय म्हणतात नाही. मी "लावली" म्हटलं की फोन बंद.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. ओहोटीला ते उघडायचं, म्हणजे शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरतीआधी ते लावायचं, नाहीतर खाडीच भाताला भेटायला येते. दार नीट सांभाळलं नाही तर पाण्याच्या जोराने बांधाला खांड पडते, म्हणजे बांधच फुटतो, आणि मग त्या जमिनीत काही वर्षं गवतसुद्धा धड उगवत नाही. हे दार काकाने तीस वर्षं सांभाळलं. पगार नाही, हुद्दा नाही, कुणी नेमलेलंही नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित त्याच्या अंगात इतकं भिनलेलं की हातात लग्नाची पत्रिका पडली तरी तो आधी तिथी बघायचा. "ऐन भरतीला मुहूर्त ठेवलाय? मी नाय येत." सख्ख्या भाचीच्या अक्षता त्याने अशाच चुकवल्या. जेवायला मात्र वेळेवर हजर होता, कारण तोवर ओहोटी लागली होती.

काकी गेली आणि संतोष, म्हणजे काकाचा मुलगा, त्याला शारजाला घेऊन गेला. माझं घर बांधाला सगळ्यात जवळ, म्हणून उघाडी माझ्या गळ्यात पडली. वास्तविक मी रोह्याच्या कंपनीत पाळ्या करणारा माणूस. चतुर्थी कधी आहे हे मला घरात मोदक दिसल्यावर कळतं. पण काकाचा फोन कसा येतो हे ज्याने ऐकलंय तो माणूस मुकाट्याने बांधावर जातो.

काकाने बरोबर नेलेला फोन बटणांचा आहे. पाठीमागचं झाकण निसटतं म्हणून त्याला रबर लावलंय. त्यातलं सिम इथलं, नंबर इथला आणि घड्याळही इथलंच. "हितल्या टायमाशी मना काय करायचाय?" असं तो संतोषला ठणकावून सांगतो. बिचारी सून घरी पाहुणे बोलवायच्या आधी विचारते, "बाबा, रविवारी भरती किती वाजता?" एकदा त्याला हवापालटासाठी तिथल्या समुद्रावर नेलं. काका अर्धा तास पाण्याकडे बघत उभा राहिला आणि परत येऊन मला म्हणाला, "हितला समुद्र आळशी हाय रं. धड भरत नाय, धड सुकत नाय."

एकदा एप्रिलमध्ये मी वैतागलो. "काका, उन्हाळ्यात दार बंदच असतं की!"

"बंद हाय ता बघितलास काय?"

बघितलं नव्हतं. गेलो. बंद होतं. परत येऊन तसं सांगितलं, तर म्हणे, "मंग झाला तर."

या फोनपायी त्या घरात महाभारत व्हायचं. इंटरनेटवरून बोलणं तिकडे चालत नाही आणि परदेशात बसून इथल्या सिमवर बोलणं म्हणजे चैन. शेवटी संतोषने एका श्रावणात त्याला चकचकीत नवा फोन घेऊन दिला, तिथला नंबर घातला आणि जुना फोन कपाटात टाकला. नेमकी अमावास्या झालेली, उधाण जोरात. मी घाईघाईने दुपारच्या पाळीला निघालो आणि दार लावायचं साफ विसरलो. पेण स्टेशनात उभा असताना कुठल्यातरी विचित्र नंबरावरून फोन आला. मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. असं सात वेळा. 'परदेशी नंबर उचलू नका, बँकेतले पैसे जातात,' असा संदेश गावाच्या ग्रुपवर मीच पाठवला होता ना! रोह्याला पोचेपर्यंत खाडी आत आली होती. खालच्या दोन खाचरांतली रोपं पिवळी पडली. दोन्ही खाचरं माझीच, त्यामुळे ओरडायला कुणी आलं नाही, एवढाच काय तो दिलासा.

दुसऱ्या दिवशी जुन्या नंबरावरून फोन आला. काकाने कपाट उघडायला लावलं होतं. मुलाशी दोन दिवस अबोला धरला, जेवला नाही असं सून सांगते. "माझा नंबर गावाच्या वळखीचा हाय. त्यो हाय तवर लोका उचलतीन. नवा फोन तू वापर," असं त्याने संतोषला बजावलं. संतोष रोह्याच्या कारखान्याइतका मोठा कारखाना एकटा चालवेल, पण बापापुढे त्याचं काही चालेना. त्या दिवसापासून तो महिन्याच्या महिन्याला मुकाट रिचार्ज करतो.

मग गेल्या उन्हाळ्यात आमच्या बांधाला नवीन उघाडी बसली. दारं अशी की भरतीचं पाणी आलं की आपोआप लागतात आणि ओहोटीला आपोआप उघडतात. माणसाचं कामच नाही. कुणीतरी उत्साहाने फोटो ग्रुपवर टाकले. ते संतोषने पाहिले आणि काकाला दाखवले.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मी मजेत होतो. जेवताना फोन नाही, झोपताना फोन नाही. पण चौथ्या दिवशी ताटावर बसलो आणि हात थांबला. बायको म्हणाली, "अगं बाई, वाट बघताय की काय?" मी नाही म्हटलं. पौर्णिमा आली. सगळ्यात मोठं उधाण, आणि तरी काकाचा आवाज नाही. मला भलतंसलतं वाटायला लागलं. संतोषला विचारायचं तर काय विचारणार?

पाळीला जाताना पेणच्या फलाटावर मी काकाचा नंबर काढला आणि तिथेच शरमलो. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही आपणहून फोन केला नव्हता. दर वेळी त्यानेच करायचा आणि मी वैतागायचं. नंबर अजून चालू असेल की संतोषने एव्हाना सोडून दिला असेल, तेही माहीत नव्हतं.

एकच रिंग झाली.

"पक्या? काय झाला? खांड परली काय?"

"नाय काका. काय झाला नाय. असाच केला."



"असाच?"

"व्हय. जेवलास काय?"

मग काका जो बोलायला लागला! पोरगा आणि सून कामाला जातात, नातू शाळेत, दिवसभर घरात फ्रिजचा तेवढा आवाज. कोलंबी मिळते, पण तिला खाडीची चव नाही. नातवाला आजोबाचं बोलणं अर्धं कळतं, तो अर्ध्यावरच हसतो. काकीच्या हातच्या कालवणाचा वास परवा स्वप्नात आला. समोर रोह्याची गाडी येऊन लागली, माणसं चढली, मी तसाच उभा.

"संतोष बोलतो, बाबा, त्यो जुना फोन रोज कशाला चार्जिंगला लावतोस? आता कोन करनार हाय?" काका म्हणाला. "मी बोललो, कुनी केला तर?"