बारकूकाकांचा उतार

कुणाच्या जागेवर कामाला गेले की बारकूकाका आधी तांब्याभर पाणी मागायचे. घरधनी अगत्याने माठातलं गार पाणी आणायचा आणि काका ते न पिता जमिनीवर ओतून समोर उकिडवे बसायचे. पाणी कुठे वळतं, कुठे थबकतं, किती वेळात मुरतं, हे बघून झालं की मगच ट्रॅक्टरला कुठलं अवजार जोडायचं ते ठरायचं. "आपल्याला काय कळतंय? पाण्याला इचारा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

सापगावात ते आमच्यापासून चार घरं सोडून राहत. नाव बारकू, पण उंची सहा फूट. भातसानगरला धरणाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी ट्रॅक्टर घेतला तो मात्र अगदी पिटुकला. त्यावर बसले की गुडघे कोपरांना लागायचे. लोक हसत. काकांचं म्हणणं असं, की मोठा ट्रॅक्टर दोन कलमांच्या मधून जात नाही आणि गेलाच तर कलमं राहत नाहीत.

दोन हजार सालानंतर मुरबाड-शहापूरकडे मुंबईकरांची फार्महाऊसं उभी राहू लागली, तशी काकांना मागणी वाढली. मुरबाडजवळ एका डॉक्टरांना बंगल्यापुढे हिरवळ हवी होती. जमीन कॅरम बोर्डासारखी सपाट करा आणि त्यासाठी रोटाव्हेटर फिरवा, असा त्यांचा हुकूम. मी शाळेत मास्तर; सुट्टी होती म्हणून मीही बघायला गेलो होतो. काकांनी शांतपणे समजावलं, की मुरमाड जमिनीत रोटाव्हेटर घातला तर तिचं पीठ होतं आणि पावसात ते पीठ खालच्या माणसाच्या भातात जाऊन बसतं. आधी फाळांनी जमीन उकरायची, मग लोखंडी पेटीने उंचावरची माती खड्ड्यात ओढायची, शेवटी मागच्या फळीने हात फिरवायचा. आणि सपाट तर करायचीच नाही. घराकडून बाहेर उतार हवा.

डॉक्टर ऐकेनात. काकांनी तांब्या मागितला आणि अंगणात पायरीसमोर ओतला. पाणी सरळ व्हरांड्याकडे निघालं आणि डॉक्टरीणबाईंच्या नव्या चपलांखाली शिरलं. पुढे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला डॉक्टर स्वतः तांब्या ओतून उतार दाखवू लागले.

पावसाळ्यात काका आणखी विचित्र वागत. छत्री घेऊन ते आपण केलेली अंगणं बघत फिरायचे. आमच्याकडे एकदा असेच अर्धा तास भिजत उभे होते. माझ्या बायकोने चहाला बोलावलं, तर म्हणाले, "थांबा, पाणी जाऊ द्या."

एका गोष्टीचं मला फार कुतूहल होतं. दरवर्षी दिवाळीनंतर एक दिवस काका कुणाचंही काम घेत नसत आणि ट्रॅक्टर घेऊन डोळखांबच्या बाजूला जात. विचारलं तर "हाय एक अंगण," एवढंच. एका वर्षी मी स्कूटर काढली आणि त्यांच्या मागोमाग निघालो. त्यांनी नाही म्हटलं नाही.

पाड्याच्या टोकाला एक कौलारू घर होतं. दारात काकांची मोठी बहीण बसली होती. काका तिला बाय म्हणत. तिला लहानपणापासून दिसत नव्हतं. नवरा गेल्यावरही तिने घर सोडलं नव्हतं. पुढे प्रशस्त अंगण होतं, पाट्यासारखं सपाट. महिन्यापूर्वी रस्त्याच्या कामावरचा बुलडोझर पाड्यात आला होता आणि ड्रायव्हरने म्हातारीचं भलं व्हावं म्हणून अंगण फुकट सपाट करून दिलं होतं.

ते बघून काकांचा चेहरा उतरला. बाय म्हणाली, की आता आपलं वय झालं. परवा ती विहिरीकडे निघाली आणि कुंपणात जाऊन पडली, तेव्हापासून शेजारीण पाणी आणून देते.

काका माझ्याजवळ आले. "मास्तर, तिचं काय वय नाय झालं. पायाला उतार लागला की विहीर, चढ लागला की घर. एवढ्यावर ती चालते. पावसानं मोडतो तो उतार, तेवढा मी येऊन बांधतो."

मग त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटले आणि अनवाणी उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत चालत गेले. परत आले, पुन्हा गेले. त्यानंतर फाळ जोडले. दुपारभर त्यांनी पेटीने माती ओढली, फळी तिरकी करून उतार काढला आणि मधूनमधून तिला हाताला धरून त्यावर उभं केलं. ती पायाने चाचपून सांगायची, इथे जास्त झालं, तिथे थोडं कमी कर. लोकांच्या बंगल्यांत डॉक्टरांनाही न जुमानणारे काका मुकाट्याने पुन्हा ट्रॅक्टरवर चढायचे.

ऊन कलल्यावर बाय कळशी घेऊन उठली. काकांनी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. ती एकटी विहिरीवर गेली, कळशी भरली आणि कुठेही न अडखळता परत आली. उंबऱ्यावर कळशी टेकवून म्हणाली, "बारक्या, घर जाग्यावर आलं रे."

 आमच्याकडे पाठ करून काका फळीची माती काठीने खरवडत राहिले. फळी केव्हाच स्वच्छ झाली होती.