धुराला अकरा गिऱ्हाइकं

११.८

आमच्या कौहावा गावात आजवर कुणालाही न सुचलेली युक्ती ओइवा लुओमाला सुचली! दाढी करताना सुचली, आणि इतकी बिनतोड वाटली की उरलेली अर्धी दाढी करायची त्याला गरजच वाटली नाही. गाडी शर्यतीत पळवायची आणि संध्याकाळी परत आपल्याच कोठारात आणून उभी करायची. बस्स!

तुम्ही म्हणाल, यात युक्ती कसली?

आमच्याकडच्या मातीतल्या शर्यतीचा नियम तुम्हाला ठाऊक नाही म्हणून तुम्ही असं म्हणता. शर्यत संपली की इथली प्रत्येक गाडी विकाऊ असते. किंमत सगळ्यांना एकच, वर्षानुवर्षं ठरलेली. जो मागेल त्याला द्यायची. दोघांनी मागितली तर चिठ्ठ्या टाकायच्या. ‘नाही’ म्हणालात तर पुन्हा मैदानात पाऊल ठेवायचं नाही. म्हणजे कसं, कुणी गाडीत फार जीव ओतू नये.

ओइवाच्या थोरल्या भावाने, एन्सिओने, ओतला होता.

वर जो आकडा लिहिलाय तो चुकून आलेला नाही. एक किलो पेट्रोल जाळायला इंजिनाला किती किलो हवा मिळते, तो हा आकडा. तो उतरला की पेट्रोल जास्त झालं. इंजिन गुदमरतं, खोकतं, काळं ओकतं. चढला की आत भट्टी पेटते आणि पिस्टन लोण्यासारखा वितळतो. त्यातून टर्बो, म्हणजे हवा छाताडावर बसून कोंबणार! तिथे नेमका आकडा धरून ठेवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. थोरल्या एन्सिओला त्या जुन्या साब गाडीमध्ये तो सापडायला चार हिवाळे लागले. नोव्हेंबरात सापडला. जानेवारीत एन्सिओ गेला.

जाण्याआधी दवाखान्यात म्हणाला, “एकदा पळव. खरीखुरी.”

“पळवतो.”

“आणि रेइनोला मिळू देऊ नकोस.”

“नाही देत.”

ही दोन वचनं एकमेकांच्या उरावर बसलेली आहेत हे ओइवाच्या लक्षात यायला सप्टेंबर उजाडला. नदीपलीकडचा बटाटेवाला रेइनो त्या गाडीवर चार वर्षं डोळा ठेवून होता. गाडी जिंकली तर तो मागणार. तो मागणार म्हणजे गाव मागणार.

म्हणून युक्ती! लॅपटॉपमध्ये एन्सिओने इंजिनाच्या आकड्यांची फाइल ठेवली होती, नाव ‘चौथा हिवाळा’. ओइवाने तिची नक्कल केली, सगळीकडे पेट्रोल वाढवलं आणि नाव दिलं ‘भिकार’. गाडी धूर ओकेल, रडत-खडत शेवटची येईल, आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही!

९.९

मैदानावर बर्फाचा चिखल पडत होता. पाऊस नव्हे, बर्फही नव्हे. दोघांनी एकमेकांवर ढकललेलं काम.

चिठ्ठीत ओइवाला पुढच्या रांगेतली जागा आली. झेंडा पडला, त्याने पाय दाबला, आणि साबने मागच्या पाच जणांवर असा काही धूर सोडला की जणू कुणी डांबराची गादी झटकली! पहिला गवताच्या गठ्ठ्यांत गेला. दुसरा पहिल्यावर गेला. तिसऱ्याने वळण समजून पंचांचा तंबू घेतला. उरलेले दोघे सज्जन माणसं; दिसेना म्हणून थांबले.

ओइवा पहिला आला. म्हातारी सायकलवरून गाठेल अशा वेगाने पहिला आला!

रेइनो हातातलं सॉसेज तसंच धरून धावत आला. “काय घातलंयस त्यात?”

“पेट्रोल.”

“मी काय मूर्ख आहे?”

“आहेस. पण पेट्रोलच आहे.”

रेइनोने एक डोळा मिटला, सॉसेजला लावायची मोहरी स्वतःच्या बाहीला लावली, आणि लेम्पीबाईंच्या टेबलाकडे निघाला.

लेम्पीबाई एरवी गावच्या वाचनालयात बसतात आणि शर्यतीला गिऱ्हाइकांची यादी करतात. यादी पेन्सिलीने, शाईची एकदा भिजून वाहून गेली होती आणि एक गाडी कुणाची ते तीन वर्षं ठरलं नव्हतं.

गाडी क्रमांक सतरा, साब
१. रेइनो
२. रेइनोचा मेहुणा
३. “नाव नंतर सांगतो” (हे लेम्पीबाईंनी जसंच्या तसं लिहिलं)

९.२

म्हणजे धूर कमी पडला! असं ओइवाने अनुमान काढलं. (ते इथे वाचताना जेवढं खुळचट वाटतं तेवढं गाडीत बसल्यावर वाटत नाही.) अजून पेट्रोल घालू. इंजिन अडखळेल, थुंकेल, लोकांना किळस येईल.

त्याने घातलं.

दुसऱ्या फेरीत इंजिनाला एवढं पेट्रोल गिळेना. ते तसंच धुराड्यात उतरलं आणि तिथे पेटलं. धाड! हातभर ज्वाळा बाहेर! मागच्या ड्रायव्हरने पोलीस आल्यासारखे दोन्ही हात वर केले, त्यामुळे गाडी आपल्या मर्जीने नाल्यात उतरली. धाड! पुढे गेलेल्या दोघांनी आरशात पाहिलं आणि आदराने बाजूला झाले.

ओइवा पहिला आला. थांबा, खोटं नको. पहिला आला, पण शेवटचे वीस मीटर गाडी बंद पडून नुसती उतारावरून घरंगळत आली.

लोक टाळ्या वाजवत होते. कौहावात! टाळ्या!

यादीत अकरा नावं झाली. त्यातले तिघे तर नुसते सॉसेज खायला आलेले शेजारच्या तालुक्यातले होते.

“लेम्पीबाई, गाडी खराब आहे हो,” ओइवा काकुळतीला आला. “पेट्रोल पिते. धूर सोडते.”

“हे तू स्वतः सांगतोयस?” लेम्पीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं, आणि त्यांच्या पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाने ताबडतोब बारावं नाव घालायचं का म्हणून बायकोला फोन लावला. बायको नाही म्हणाली. त्या दिवसातली तेवढीच एक चांगली बातमी.

आता नऊच्या खाली आकडा नेला तर गाडी सुरूच होणार नाही. नऊच्या वर राहिला तर अकरा गिऱ्हाइकं. ओइवा कॉफीच्या टपरीशी येऊन उभा राहिला.

टपरीत आउनेवहिनी होत्या. एन्सिओची बायको. त्यांनी न विचारता कप पुढे सरकवला.

“हा धूर एन्सिओचा?”

“नाही वहिनी. माझा.”

“मला वाटलंच.” त्यांनी फडक्याने ओटा पुसला. तो आधीच पुसलेला होता. “चार हिवाळे माझा नवरा त्या कोठारात राहिला, ओइवा. मी घरात, तो कोठारात. जेवायला ये म्हटलं की म्हणायचा, आकडा जवळ आलाय. मी म्हणायची, येऊ दे त्यालाही, ताट वाढते. आज सकाळी मी शेजारणीला सांगितलं, चल, आज तरी कळेल माझा नवरा करत काय होता.” त्यांनी मैदानाकडे पाहिलं. धूर अजून खाली बसला नव्हता. “कळलं.”

ओइवाने कॉफी घेतली नाही.

११.८

त्याने लॅपटॉप उघडला. ‘चौथा हिवाळा’.

जाईल ना गाडी? जाऊ दे. अकरांपैकी कुणाकडे तरी जाईल. चिठ्ठीत रेइनो निघाला तर वर जाऊन थोरल्याच्या शिव्या खाऊ.

अंतिम फेरीला साब उभी राहिली ती इतकी गप्प की झेंडेवाल्याने वाकून पाहिलं, चालू आहे की नाही. झेंडा पडला. पहिले दोन क्षण काही नाही. मग टर्बोने आत कुठेतरी लांब श्वास घेतला

आणि

ओइवाचं डोकं मागे आपटलं. धूर नाही. आवाज नाही, म्हणजे होता, पण एकच, अखंड, कोरं कापड फाडल्यासारखा. समोरच्या, हवेचा आकडा दाखवणाऱ्या काट्याने ११.८ सोडलं नाही. वळणावर नाही, चढावर नाही. चार हिवाळ्यांचा माणूस बाजूला बसून गप्प हसतोय, असं ओइवाला वाटलं. तो रडायला लागला. रडू नये, वळण येतंय, हे त्याला कळत होतं.

पण दिवसभर म्हातारीच्या सायकलच्या वेगाने चालवलेली गाडी! वळण आलं तेव्हा ओइवा अजून सरळच जात होता. बांध. आभाळ. बटाटे.

—.—

काटा काही दाखवत नव्हता. तो धुरावरून आकडा काढतो, आणि धुराड्यात माती गेली होती.

आउनेवहिनी चिखलातून बूट ओढत आल्या. ओइवा खिडकीतून बाहेर येत होता. शाबूत होता, फक्त केसांत बटाट्याचा पाला.

“किती वेळ टिकला तो आकडा?” त्यांनी विचारलं.

“चाळीस सेकंद असतील.”

“चार हिवाळ्यांचे चाळीस सेकंद?”

“हो.”

“हं,” वहिनी म्हणाल्या. मग त्याच्या केसांतला पाला काढत, “आवाज चांगला होता.”

दोघं टेबलापाशी पोचली तेव्हा लेम्पीबाईंसमोर रांग होती. रबर एकच होतं; अकरा जण आपापलं नाव खोडायला थांबले होते.

“काय झालं रे?” ओइवाने विचारलं.

“धूरच गेला तिचा,” रेइनो म्हणाला. “शेवटच्या फेरीत बघितलं ना सगळ्यांनी? एक थेंब काळं नाही. मेलं इंजिन.”

“अरे, तेच तर खरं! तेव्हाच तर ती नीट चालली!”

“नीट चालली म्हणून बटाट्यात गेली?”

“रेइनो, एन्सिओचं इंजिन आहे ते. तुला चार वर्षं हवं होतं.”

“हवं होतं. धुरासकट.” त्याने रबर मागच्याच्या हातात दिलं, आणि खोडलेल्या जागेवर फुंकर मारायलाही विसरला नाही.

ओइवाने कागद हातात घेतला. अकरा राखाडी डाग. त्याला हवं होतं तेच झालं होतं, अगदी शंभर टक्के! गाडी त्याचीच राहणार होती. पण थोरल्याचं काम, आणि अख्ख्या मैदानात घ्यायला एक माणूस नाही! चाळीस सेकंद तुम्ही कुठे बघत होतात रे?

“पेन्सिल द्या,” तो म्हणाला.

“मालकाला स्वतःची गाडी घेता येत नाही,” लेम्पीबाई म्हणाल्या.

“माझं नाव नाही लिहीत.”

त्याने लिहिलं. लेम्पीबाईंनी कागद वळवून वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. वाचनालयात चाळीस वर्षं काढलेली बाई. नियम म्हणजे नियम.

“साडेचारला पुकारा होईल. तीनदा. माणूस हजर नसला तर नाव बाद.”

“चालेल.”

साडेचार वाजले. अंधार खाली येत होता. भोंगा खरखरला.

“क्रमांक सतरा, साब. गिऱ्हाईक, एन्सिओ लुओमा.”

मैदानातली माणसं थांबली. कुणीतरी टोपी काढली. कुणी हातातलं सॉसेज खाली धरलं.

“एन्सिओ लुओमा. दुसऱ्यांदा.”

ओइवाची मान खाली गेली.

“एन्सिओ लुओमा. तिसऱ्यांदा.”

कुणी आलं नाही. लेम्पीबाईंनी अगदी हळू हाताने नावावर रेघ मारली. आउनेवहिनींनी तोवर कॉफीचं भांडं उपडं करून निथळत ठेवलं होतं.

“काय अपेक्षा होती तुझी?” त्या ओइवाला म्हणाल्या. “जिवंत होता तेव्हाही तीन हाकांत कधी आला नाही.”