परबांचे टायर आणि पोकळ रस्ता

“एक चक्कर कसली मागता? अख्ख्या कमिटीला गणपतीपुळ्याला नेऊन आणतो!”

बोरीवलीच्या स्नेहवर्धिनी सोसायटीच्या सभेत दशरथ परबांनी हे ठणकावून सांगितलं आणि ते असे काही ऐटीत खाली बसले, जणू गणपतीपुळ्याहून आत्ताच परत आलेत. मागच्या रांगेत नलिनीबाईंनी कपाळाला हात लावला. परबांची गाडी गेल्याच्या गेल्या गणपतीपासून जागची हललेली नाही, हे सभेत सगळ्यांना माहीत होतं. नलिनीबाईंना जरा जास्तच माहीत होतं.

आता गाडीत काही बिघाड होता म्हणाल, तर तसं नाही. बिघाड सोसायटीत होता! आवारात जागा मोजक्या आणि गाड्या ढीगभर. ज्याची गाडी उभी, त्याची जागा. मंडईत जायला गाडी काढावी, तर कोथिंबीर घेऊन परत येईपर्यंत तिथे दुसऱ्याची गाडी पाय पसरून बसलेली! परबांनी यावर जालीम उपाय काढला होता. गाडी काढायचीच नाही. मंडईला रिक्षा, दवाखान्याला रिक्षा, मेहुण्याच्या वास्तुशांतीला साकीनाक्यालासुद्धा रिक्षा. गाडी आपली कव्हराखाली सुखरूप. परब रोज ती पुसत. दर रविवारी आत बसून इंजिन सुरू करत, थोडी घरघर ऐकत आणि उतरताना म्हणत, “मशीन आहे मशीन!”

पण तिसऱ्या मजल्यावरच्या चैतन्यने नवी गाडी घेतली आणि घात झाला. पोरगा अतिशय नम्र. नम्र माणसं फार धोकादायक असतात! त्याची गाडी बाहेर रस्त्यावर झाडाखाली उभी राहायची आणि कावळे तिच्यावर रोज रांगोळी काढायचे. त्याने सभेत हात जोडून एवढंच विचारलं, “जी गाडी चालतच नाही, तिला जागा कशाला, ना?”

सेक्रेटरी संघमित्राताईंना ते पटलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या या बाई. त्यांना एखादी गोष्ट पटली की ती झालीच! लगेच ठराव झाला. रविवारी सकाळी परबांनी फाटकापासून नाक्यापर्यंत एक चक्कर मारून दाखवायची. गाडी धड चालली तर जागा परबांची, नाहीतर चैतन्यची. त्यावर परब ते गणपतीपुळ्याचं बोलून बसले होते.

रविवारी परबांनी चाकांत पायपंपाने हवा भरली, काचा पुसल्या, समोर अगरबत्तीसुद्धा लावली. संघमित्राताई पुढे बसल्या, चैतन्य मागे. गॅलऱ्यांमध्ये माणसं. परबांनी चावी फिरवली. घुर्रर्र! एका झटक्यात सुरू! परबांनी आरशातून चैतन्यकडे असं पाहिलं की पोराने मान खाली घातली. गाडी फाटकाबाहेर पडली, वेग घेतला आणि...

धब्! धब्! धब्! धब्!

संघमित्राताईंचा चष्मा नाकावरून उडून मांडीवर पडला. चैतन्यचं डोकं छताला लागलं. परबांच्या हातातलं स्टिअरिंग असं थरथरायला लागलं की त्यांना वाटलं, भूकंप झाला!

“प-र-ब! हे का-का-काय?” ताईंच्या शब्दांचेसुद्धा तुकडे पडत होते.

परबांना खरोखर काही कळत नव्हतं. इंजिन तर झकास होतं! पण जागा हातची जाताना दिसली की माणसाला कुठून तरी सुचतं.

“रस्ता!” परब ओरडले. “रस्त्याची वाट लागलीय, ताई!”

ताईंनी गाडी थांबवायला लावली. त्या हादरल्याच! दोन वर्षं वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवून हा सिमेंटचा रस्ता त्यांनीच तर मंजूर करून आणला होता! महिन्यापूर्वी त्यावर नारळही त्यांनीच फोडला होता. त्या खाली उतरल्या, वाकल्या, तळहाताने रस्ता चाचपून पाहिला. रस्ता ताटासारखा सपाट.

“वरून सपाटच दिसणार,” परब घाम पुसत म्हणाले. “आतून पोकळ आहे.”

“पण काका, माझ्या गाडीला तर कधी...” चैतन्यने सुरुवात केली.

“तुझी नवी गाडी रे. मऊ. तिला काय कळतंय! जुन्या गाडीला रस्ता कळतो.”

मुंबईच्या माणसाला कुणी सांगितलं की टेबलाला पाय फुटून ते चालायला लागलं, तर तो पुरावा मागेल. पण कुणी सांगितलं की रस्ता खराब आहे, तर तो पुरावा मागत नाही, पुरावा देतो! पाच मिनिटांत फाटकाशी गर्दी जमली. पहिल्या मजल्यावरच्या आजींना आठवलं की त्यांची कंबर रस्ता झाल्यापासूनच दुखते. इस्त्रीवाल्याला आठवलं की त्याची सायकल परवापासून कुरकुरते. ताईंचा चेहरा लाल झाला.

“माझ्या रस्त्यात पोकळी? थांबा! आत्ता बोलावते इंजिनियरला!” आणि त्यांनी फोन लावला.

परब हळूच पाण्याच्या टाकीमागे सटकले आणि त्यांनी मेहुण्याला, देवेशला, फोन लावला. देवेशचं साकीनाक्याला गॅरेज. सगळं ऐकून तो आधी पोटभर हसला.

“भावोजी, टायर चपटे झाले तुमचे! इतके महिने सगळा भार एकाच जागी. जमिनीला टेकलेला भाग सपाट झाला. चाक फिरलं की तोच आपटतो, धब् धब्!”

“मग आता काय करू?”

“पळवा गाडी! उन्हात तासभर पळवली की टायर तापतील, होतील परत गोल. नाही झाले तर बदला.”

परबांनी वळून पाहिलं तर नलिनीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. सगळं ऐकलेलं! त्यांना राग आला की त्या थेट मालवणात जाऊन पोहोचत.

“गाडी हलवा, गाडी हलवा म्हणान वर्षभर कोकलतंय मी! आता जावा आणि काय ता खरा सांगा त्यांका!”

“सांगितलं की जागा गेली, नलू! एकदा इंजिनियर बघून जाऊ दे. रविवारचा कोण येतोय!”

इंजिनियर दहाव्या मिनिटाला हजर! तरुण होता, आणि हा त्याच्या देखरेखीखाली झालेला पहिलाच रस्ता. आला तोच पांढराफटक पडलेला. तो परबांशेजारी बसला, ताई आणि चैतन्य मागे. गाडी निघाली. धब्! धब्! धब्! इंजिनियरच्या खिशातलं पेन उडून परबांच्या मांडीवर आलं.

“बाप रे!” तो पुटपुटला. “बाप रे बाप! स्लॅबखाली हवा आहे! नक्की कुठे आहे ते शोधायला हवं. काका, गाडी सावकाश पुढेमागे फिरवत राहा. आवाज आला की आम्ही खूण करतो.”

परबांच्या जिवात जीव आला. टायर तापवायचेच होते, आता सरकारी हुकूमच मिळाला! ते फाटकापासून नाक्यापर्यंत आणि नाक्यापासून फाटकापर्यंत खेपा घालू लागले. मे महिन्याचं ऊन, खाली तापलेलं सिमेंट. चैतन्य आता खाली उतरून रांगोळीचा डबा घेऊन गाडीबरोबर पळत होता. धब् झालं की ताई आतून ओरडत, “इथे!” आणि तो पांढरं वर्तुळ काढी. पण आवाज चाकातच, त्यामुळे तो जिथे तिथे! बघता बघता सगळा रस्ता वर्तुळांनी भरून गेला. इंजिनियरने डोक्यावर हात ठेवला.

“सगळाच पोकळ? अख्खा रस्ता?”

आणि मग परबांच्या लक्षात आलं की आवाज कमी होतोय. धब्-धब्चं टप्-टप् झालं. टप्-टप्चं पुट्-पुट् झालं. पुढच्या खेपेला तर काहीच नाही. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती! परबांना आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी ते भानावर आले. आवाज गेला, पण रस्ता तोच! आता या माणसांना सांगायचं काय?

एवढा वेळ जो आवाज जावा म्हणून देव पाण्यात ठेवले होते, तोच यावा म्हणून परब आता धडपडायला लागले. क्लच सोडून गचके दिले. ब्रेक दाबले. एकदा तर बसल्या जागी उड्या मारून पाहिल्या!

“काका, तुम्ही उड्या का मारताय?” इंजिनियरने विचारलं. मग त्याने हात वर केला. “थांबा. आवाज बंद झाला.”

गाडी नाक्याशी थांबली. परबांनी डोळे मिटले.

“आवाज बंद झाला,” इंजिनियर खोल आवाजात म्हणाला, “म्हणजे पोकळी भरली. म्हणजे वरचा स्लॅब खाली बसला. मॅडम, रस्ता खचतोय!”

“खचतोय!” ताई किंचाळल्या.

“खचतोय!” सगळ्या गॅलऱ्या किंचाळल्या.

यानंतर जे घडलं ते इतक्या वेगाने घडलं की जन्मभर सरकारी कामं पाहिलेल्या परबांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इंजिनियरने रस्ता बंद केला. कडेच्या सगळ्या गाड्या तातडीने आवारात घ्यायला लावल्या. नाक्यावर गटाराच्या कामाला आलेला जेसीबी होता, तो फाटकाशी आणून उभा केला. त्याची सोंड वर गेली, आणि परबांचं काळीज खाली गेलं. नवाकोरा रस्ता! ताईंचा रस्ता! आजींनी संध्याकाळी फिरायचा रस्ता! आपल्या एका गाडीच्या जागेसाठी तो फुटणार? परबांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली. खड्ड्यात गेली ती जागा!

“थांबा!” गाडी नाक्यावरच सोडून ते हात हलवत धावत सुटले. “रस्ता चांगला आहे! खोटं बोललो मी! माझ्या गाडीचे टायर चपटे झालेत!”

सगळे नाक्याकडे गेले, गाडीभोवती वाकले. इंजिनियरने चारही टायर निरखले. चैतन्यने हात फिरवला.

“गोल आहेत, काका,” तो म्हणाला. “एकदम गोल.”

“आता झाले गोल! मगाशी चपटे होते! ऊन लागलं, तापले आणि गोल झाले!”

बोलता बोलताच परबांना कळलं की हे जगात कुणाला पटणार नाही. संघमित्राताईंचे डोळे मात्र पाणावले. त्यांनी परबांच्या खांद्यावर हात ठेवला.

“परब, खरं सांगा. कंत्राटदाराचा फोन आला ना तुम्हाला? धमकी दिली ना?”

“अहो नाही हो!”

“घाबरू नका! सगळी सोसायटी तुमच्या पाठीशी आहे!” आणि त्यांनी जेसीबीला हात केला.

धाड्! धाड्! धाड्! फाटकासमोर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुरुषभर चर खणला गेला. इंजिनियर आत उतरला, ठोकून आला आणि तोंडाचा आ करून म्हणाला, “एवढा पक्का रस्ता मी आजवर पाहिला नाही!”

“मग आता?” ताईंनी विचारलं.

“आता काय, बुजवू. आठ दिवसांत.”

हे ‘आठ दिवस’ बोरीवलीत सगळ्यांना ठाऊक होते. पावसाळा गेला, दिवाळी गेली, की संपतात ते. पण ताईंना त्याचं दुःख नव्हतं. आपला रस्ता पक्का निघाला, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी चराच्या काठावरच भाषण केलं. परबांसारखे जागरूक नागरिक होते म्हणून एवढी तपासणी झाली! गाडी तर लोण्यासारखी चालली, सगळ्यांनी पाहिली! सबब ती जागा परबांची, कायमची! टाळ्यांचा कडकडाट झाला.

परब टाळ्या ऐकत उभे राहिले. जागा चराच्या अलीकडे, आवारात होती. गाडी चराच्या पलीकडे, नाक्यावर, भर उन्हात.

तेवढ्यात चैतन्य पुढे आला. त्याची गाडी घाईघाईत आत घेतलेली, आवाराच्या मधोमध सगळ्यांची वाट अडवून उभी होती. त्याने हात जोडले.

“काका, तुमची गाडी आत येईपर्यंत त्या जागेवर मी लावू का? तुमची हरकत नसेल तरच, हं.”

सगळी सोसायटी जागरूक नागरिकाकडे कौतुकाने पाहत होती. परबांनी नाक्यावरच्या गाडीकडे पाहिलं.

“लाव,” ते म्हणाले.

पुन्हा टाळ्या पडल्या. फक्त खिडकीत उभ्या नलिनीबाईंनी वाजवल्या नाहीत.