तंबूचं तोंड तळ्याकडे

तळ्याकाठी तंबू ठोकून एक मुक्काम करायचा, एवढंच गवंडीकाकांच्या मनात होतं. बायको असताना दोघं दरवर्षी जायची. तंबूचं तोंड पाण्याकडेच हवं, हा तिचा हट्ट. ती गेल्यावरचं हे पहिलंच वर्ष.

तळ्यावर आता सुरक्षा कार्यालय झालं होतं. दारावर पाटी होती: 'सुविधाविरहित नैसर्गिक मुक्काम'.

"काठावर तंबू लावू ना, साहेब?"

"आणि बुडालात म्हणजे? पाण्यापासून लांब."

"मग झाडाखाली लावतो."

"फांदी पडेल."

"गवतात?"

"साप."

"माळावर?"

"वीज."

"आभाळ तर स्वच्छ आहे."

"ती काय सांगून पडते, काका?"

शिवाय एकट्याने राहायला मनाई होती. "काकूंना आणा की सोबतीला," साहेब म्हणाले.

"ती वारली."

साहेब दचकले. "इथे?"

"नाही हो. घरी, अंथरुणात."

"बघा!" म्हणत साहेबांनी तिथल्या तिथे मुक्कामात अंथरुणावर बंदी घातली.

सगळे नियम पाळून तंबू लावता येईल अशी एकच जागा उरली, ती म्हणजे कार्यालयाचा हॉल. फरशीत खुंट्या जाईनात, म्हणून दोऱ्या कपाटांच्या पायांना बांधल्या. सोबतीला शिपाई दिला. दोघांना हेल्मेट आणि बुडू नये म्हणून फुगीर जॅकेट सक्तीचं.

"काका, कूस बदलायची असेल तर आधी सांगा," शिपाई म्हणाला. "मला बाहेर जावं लागेल."

वारा लागू नये म्हणून खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या. भिंतीवर मात्र तळ्याचा मोठा फोटो होता. काकांनी तंबूचं तोंड तिकडे वळवलं.

"जरा मागे घ्या," साहेब म्हणाले. "तिथं पाणी खोल आहे."

काकांनी तंबू मागे घेतला. ती असती तर तिने साहेबांनाच तळ्यात ढकललं असतं, असं त्यांच्या मनात आलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना हसू फुटलं.

कुणी बुडालं नाही, त्यामुळे हॉलमधल्या मुक्कामाची ही योजना यशस्वी ठरली. गर्दी इतकी उसळली की पुढच्या खेपेला हॉलमध्ये काकांना पाय ठेवायला जागा नव्हती. ते गुपचूप मागच्या दाराने निघाले आणि खऱ्या काठावर, पाण्यात पाय सोडून बसले. अडवायला कुणी नव्हतं. सगळे आत सुरक्षित होते.

त्यांनी थर्मासातला चहा झाकणात ओतला. एवढ्यात फळ्यांच्या फटीतून कुणीतरी ओरडलं, "साहेब, धावा! बाहेर एक म्हातारा पाण्यापाशी बसलाय!"

काकांनी वळून फटीतल्या चेहऱ्याकडे पाहिलं. उगाच नाही म्हणू नका. हेल्मेट होतं, तरी त्यांनी तुम्हाला ओळखलं.