पेनड्राइव्हमधले राधाकिशनराव

तेराव्याचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मापुरीच्या वेशीत लागायचा होता आणि परळीत विश्वेश्वरच्या दुकानातला कॉम्प्युटर दुपारपासून निळा पडून बसला होता. ज्यांचा फ्लेक्स, त्या राधाकिशनरावांचा मुलगा धर्मराज केस उतरवलेल्या डोक्यावर रुमाल टाकून समोर बसला होता.

"विंडोज उडालं," विश्वेश्वर म्हणाला. "परत टाकावं लागतंय."

"टाका की मग."

"सीडीनं न्हाई टाकता येत." परळीच्या वीजकेंद्राची राख खाऊन खाऊन सीडी ड्राइव्ह कधीच निकामी झाला होता. "पेनड्राइव्ह बूटेबल करून त्याच्यावरनं जुनं विंडोज एक्सपी टाकतो. तुमचा द्या."

"त्यात आप्पाचा फोटो हाय."

"त्यो काल मी कॉम्प्युटरात घेतलाय. डेस्कटॉपवर हाय. बिनघोर ऱ्हावा."

शेजारच्या नेट कॅफेत विश्वेश्वरने काम सुरू केले. पेनड्राइव्हमधले सगळे पुसले जाईल, चालेल का, असे मशीनने विचारले. त्याने हो म्हटले. मग दुकानात येऊन पेनड्राइव्ह जोडला. नाना खटपटींनी कॉम्प्युटर जागा झाला आणि सी ड्राइव्ह पुसू का, म्हणाला. व्हायरस तरी जाईल, म्हणून विश्वेश्वरने तिथेही हो म्हटले.

एक्सपी चढू लागले. धर्मराजने सहज विचारले, "भाऊ, डेस्कटॉप म्हंजे नेमकं कुठं असतंय?"

विश्वेश्वरला आता आठवले. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. देवाने एकदा नेलेल्या माणसाला त्याने एका दुपारीत दोनदा पुसले होते.

त्याने सांगून टाकले. धर्मराज ओरडला नाही. ओरडला असता तर बरे झाले असते. "तेवढाच एक चांगला व्हता," एवढेच म्हणाला.

घरी फोन गेला. धर्मराजच्या आईने, गीताबाईंनी, नवऱ्याच्या पेटीतून एक जुना फोटो शोधून जीपवाल्याच्या हाती धाडला. फोटोत राधाकिशनराव मनमोकळे हसत होते आणि खांद्यावर कुणाचा तरी हात होता. करंगळी तुटलेला.

"धुळाजीकाकाचा हाय," धर्मराज म्हणाला. "बांधावरून वैर झालं तवा आप्पानं त्याला फोटोतून कापला. हात तेवढा ऱ्हायला. त्यो कापावा तर आप्पाचा खांदा जात व्हता. तुमी पुसा त्यो."

पण पुसायचे सॉफ्टवेअरही विंडोजबरोबर गेले होते. फ्लेक्स हातासकट छापला गेला.

सकाळी विश्वेश्वर स्वतः तो बांधायला गेला, मार खायच्या तयारीने. लोक आधी तो हात बघत आणि मग एकमेकांकडे. तेवढ्यात काठी टेकत धुळाजी आला. गर्दी बाजूला झाली. म्हातारा फ्लेक्सपुढे उभा राहिला.

"ह्यो फोटो कुणी दिला?"

"आप्पाच्या पेटीत व्हता," धर्मराज म्हणाला. "जपून ठेवलेला."

धुळाजीने नाक पुसले. "माझ्याकडं बी हाय ह्योच फोटो. पर म्या कापताना त्याचं बोट बी ऱ्हाऊ दिलं न्हाई."

आणि कुणी बोलावायची वाट न बघता तो तेराव्याच्या पंगतीत जाऊन बसला.