निडर जातीचा बहाद्दर

फॉक्स टेरिअर जातीचं कुत्रं कसं असावं, हे अख्ख्या लातुरात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा! डोळे बारीक, काळेभोर. कान पुढं दुमडलेले. पुढचे पाय खांबासारखे सरळ, शेपटी ताठ वर. आणि स्वभाव? निडर! हे सगळं मी माझ्या सरकी-पेंडीच्या दुकानात, गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून पाठ केलं होतं.

शौक मला कुत्र्याचा नव्हता. मला बायको घरात हवी होती.

भूकंपात तिचा, म्हणजे नीलाबाईचा, भाऊ गेला. मातीचं माळवद झोपेतच अंगावर आलं. तेव्हापासून तीन वर्षं ती आमच्या स्लॅबच्या घरात पाऊल टाकत नव्हती. अंगणात पत्र्याचं शेड, तिथंच तिची चूल, तिथंच खाट. मी आत एकटा जेवायचो. त्यात वरचा मजला मी क्लासला भाड्यानं दिलेला. डॉक्टर व्हायला गावोगावची पोरं लातुरात लोटली होती. क्लास सुटला की सगळी एकदम जिना उतरायची आणि घर थरथरायचं.

"अवो, हाललं!" नीलाबाई अंगणातून ओरडायची.

"पोरं हायत ती, नीला!"

"तुमाला काय कळतंय? जनावराला आधी कळतं."

झालं! उपाय तिनंच सांगितला. कुत्रं गप, म्हणजे जमीन गप. पण गल्लीतली कुत्री सायकलवरही भुंकतात, त्यांची साक्ष काय कामाची? वरच्या क्लासात जीवशास्त्र शिकवणाऱ्या रिजवान सरांनी मला कुत्र्यांच्या जातींचं पुस्तक दिलं.

"शेटजी, टेरिअर घ्या. उगं घाबरणारी जात न्हाई ती."

उदगीरच्या यासेरभाईंकडं एक होता. एका हातात पुस्तक धरून मी त्याचे कान, डोळे, पाय, शेपटी सगळं ताडून बघितलं.

"शेटजी, सोयरीक करताना बी इतकं बघत न्हाईत!" यासेरभाई वैतागले.

नाव ठेवलं बहाद्दर. त्याला अंगणात बसवून मी म्हणालो, "नीला, क्लास सुटल्यावर हा गप राहिला तर आत यायचं. कबूल?"

तिनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "बघू," म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती 'न्हाई' म्हणाली नव्हती! मला भरून आलं.

क्लास सुटला. जिना धडधडला. आधी बहाद्दरची शेपटी खाली गेली. मग कान पडले. मग त्यानं असा काही गळा काढला आणि धूम ठोकली की विचारू नका!

"भूकंप!" नीलाबाई किंचाळली.

पोरंही भूकंपाच्याच भागातली. तो शब्द ऐकताच खालची पळाली, वरची त्यांच्यावर कोसळली, आणि घर आता खरोखरच हाललं! समोरच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं रस्त्यावर आलं. शेजारच्या सरजाबाई शिट्टी देणारा कुकर कडेवर घेऊन पळाल्या. रिजवान सर अनवाणी, हातात खडू. आणि मधोमध उभा राहून मी पुस्तक उंचावून ओरडत होतो, "घाबरू नका! कुत्रा निडर जातीचा आहे!"

सगळं शांत झालं तेव्हा बहाद्दर दिसेना. मग आमच्या स्वयंपाकघरातून कुईकुई ऐकू आली. ओट्याखाली, सिलिंडरच्या मागं तो थरथरत होता. मी हात घातला, तर चावला! रिजवान सरांनी चुचकारलं, बिस्कीट दाखवलं. तो तसूभर हलेना.

नीलाबाई उंबऱ्यापाशी आली होती.

"लई भ्यालंय वो ते," ती म्हणाली.

चौकट घट्ट धरून तिनं एकदा वर स्लॅबकडं बघितलं. आणि आत आली. मी श्वास रोखून उभा राहिलो, माझ्या आवाजानं ती माघारी फिरेल की काय म्हणून. ती ओट्याखाली वाकली, त्याला ओढून मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काय न्हाई रे. पोरं हायत ती."

मी तोंड फिरवून डोळे पुसले.

तेव्हापासून ती घरातच आहे. क्लास सुटायच्या वेळी त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवं ना! बहाद्दर आता माझ्या खाटेवर झोपतो, आणि त्याला तिथून उठवायला गेलं की मात्र अगदी पुस्तकातल्यासारखा निडर होतो.

पत्र्याच्या शेडमध्ये सध्या मी असतो.