धाकल्याचा वाटा

आमच्या गोटीराम शेठना काहीही नवीन दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "याचा सातबारा कोनाच्या नावावर?" नवीन कुकर दाखवा, सातबारा. कोणाच्या मुलीला सांगून आलेलं स्थळ दाखवा, मुलाचं शिक्षण राहिलं बाजूला, आधी सातबारा. एकदा माझ्या सासूबाईंनी काशीहून आणलेलं गंगाजल मोठ्या कौतुकाने त्यांच्या तळहातावर घातलं. ते त्यांनी भक्तिभावाने घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि विचारलं, "गंगेचा सातबारा कोनाच्या नावावर असंल गो बाय?" सासूबाई पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

डोंबिवलीत आम्ही राहत होतो ती इमारत शेठच्याच जमिनीवर उभी होती. खाडीकडच्या बाजूचं जुनं आगरी घराणं, पिढ्यान्‌पिढ्या भाताची शेती. शहर सरकत सरकत बांधापर्यंत आलं, जमीन बिल्डरला गेली, आणि बदल्यात शेठना रस्त्याकडचे गाळे आणि पहिल्या मजल्यावर समोरासमोर दोन ब्लॉक मिळाले. एका ब्लॉकात ते, त्यांच्या बायको बारकूबाई आणि रेती-विटांचा धंदा करणारा मुलगा. दुसऱ्याला कायम कुलूप. भाड्याने का देत नाही म्हणून विचारलं की शेठना त्या कानाने ऐकू येत नसे. दर रविवारी मात्र स्वतः कुलूप काढून आत केर काढायचे.

वैशाख सरत आला की माणूस बेचैन व्हायचा. खाली कंपाउंडमध्ये स्कूटरींच्या मधून फिरायचे आणि टाचेने फरशी दाबून बघायचे. कोणी विचारलं काय हरवलं, तर म्हणायचे, "काय नाय, जमीन बगतंय." पोरं हसायची. मीही हसायचे.

मी तेव्हा ठाण्याला बँकेत होते. आमच्या बँकेत कॉम्प्युटर आले आणि इमारतीने परस्पर ठरवून टाकलं की मला कॉम्प्युटर येतो. खरं सांगायचं तर पासबुक छापायला कुठलं बटण दाबायचं एवढंच मला येत होतं. पण इमारतीच्या मताविरुद्ध कोण जाणार? म्हणून शेठच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा बोलावणं मलाच आलं.

कॉम्प्युटर आणला त्याचं कारण एक फोटो. शेतात, बांधावर उभे असलेले दोघेजण, शेठ आणि त्यांचा धाकटा भाऊ नामदेव. जमिनीचा म्हणून उरलेला हा एकच फोटो, तोही पोस्टकार्डाच्या निम्मा आणि कडेने वाळवीने खाल्लेला. मोठा करायला निगेटिव्ह नव्हती. स्टेशनजवळच्या स्टुडिओवाल्याने तो स्कॅन करून फ्लॉपीवर घातला आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत दोन मिनिटं आपल्या पडद्यावर दाखवला. शेठ तसेच उठले आणि मुलाला म्हणाले, यो डबा आपल्या घरान पायजे.

आता फ्लॉपी होती, कॉम्प्युटर होता, दुकानदाराने सिस्टीम घालून दिली होती. माझ्या अंदाजाने दोन मिनिटांत फोटो दिसायला हवा होता. पण शेठनी सवयीने सातबारा विचारला, आणि मला मेलीला सुचलं शहाणपण. मी सांगितलं, मशीन तुमचं, पण आतली सिस्टीम कंपनीची. तिने तुम्हाला नुसती वापरायची परवानगी दिलेली असते. मालक तीच.

"म्हंजी भाऱ्याचा घर?"

तसंच म्हणा, म्हटलं.

झालं. भाड्याच्या घरात आपला बाप कधी राहिला नाही आणि आपणही राहणार नाही, तेव्हा हे काढून टाक, असं फर्मान निघालं. मुलाने डोक्याला हात लावला. बारकूबाई मला म्हणाल्या, कशाला सांगितलंस गो. मी चिडून बँकेत मशीन दुरुस्तीला येणाऱ्या सावंतला गाठलं. तो म्हणाला, लिनक्स घाला. त्याला कोणी एक मालक नाही. जगभरची माणसं मिळून बनवतात, आतलं सगळं सगळ्यांना उघडं असतं, आणि ज्याला हवं त्याने त्यात बदल करावा. हे मी शेठना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. म्हणाले, मग हा गावकीचा आहे. गावाची विहीर, गावाचं गुरचरण, तसा. हाच घालायचा.

घालायचा म्हणजे मी आणि त्यांनी. शनिवारी माझी बँक अर्धा दिवस, तेव्हा शनिवारची दुपार माझी त्यांच्याकडे जाऊ लागली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. सावंतने कागदावर लिहून दिलेलं मी वाचायचं आणि शेठनी एका बोटाने कळ दाबायची. देव दर शनिवारी आमची परीक्षा बघायचा.

पहिल्याच पायरीला गाडी अडली. लिनक्सने विचारलं, हार्डडिस्कची वाटणी कशी करायची? मी सावंतच्या कागदावरून सांगितलं, थोडी जागा मशीनला कामापुरता माल उतरवायला, बाकीची सगळी सिस्टीमला आणि फोटोबिटोंना. शेठना पहिला भाग लगेच पटला. म्हणाले, हे खळं. पीक आणून टाकायचं, झोडायचं, परत मोकळं करायचं. पण बाकीची सगळी म्हटल्याबरोबर त्यांनी हात आखडता घेतला.

"सगली कशी? आदी धाकल्याचा वाटा कार."

मी म्हटलं, "शेठ, हार्डडिस्कला वारस नसतात."

"जागा हाय ना? मंग वारस हायेत."

दुपारभर वाद झाला. शेवटी बरोब्बर निम्मी डिस्क नामदेवच्या नावाने बाजूला निघाली. तिच्यात काही घालायचं नाही, ती वापरण्याजोगीसुद्धा करायची नाही. नांगर त्याने आपल्या हाताने लावायचा. मला हसू आवरेना. बारकूबाई मात्र हसल्या नाहीत, चहाचे कप उचलून आत निघून गेल्या. मला वाटलं, बाईला कंटाळा आला असेल.

उरलेल्या निम्म्या जागेत लिनक्स अंग चोरून बसलं. पण पडदा काळा, वर पांढरी अक्षरं. चित्र दिसायचं तर डिस्प्ले कार्ड कुठलं, मॉनिटर कितीवर चालतो, हे सगळं त्याला आपण सांगायचं. आकडा चुकला तर मॉनिटर जळू शकतो, असंही तिथे लिहिलेलं. मी ते वाचलं आणि खुर्ची मागे घेतली. शेठनी मॉनिटरच्या पाठीवर तळहात ठेवला, ओझं ओढणाऱ्या बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, तू आकडे घाल, तापला की मी सांगतो. त्यानंतर कित्येक शनिवार ते तसेच, एक हात मॉनिटरच्या पाठीवर ठेवून उभे असायचे.

कधी पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग. कधी चित्र वरून खाली धावत सुटायचं. एकदा फोटो उमटला, पण आडवा तुटून चार तुकड्यांत, चारी तुकड्यांत मिळून एक डोकं. एकदा तर अख्खा उमटला, फक्त शेत जांभळं आणि दोघे भाऊ काळपट हिरवे. शेठ त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "नाम्या इतका काला नव्हता."

शेवटी सावंतनेच सांगितलं की या कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागतो, तो त्याच्याकडे सीडीवर आहे, पण तो मशीनवरच घडवून घ्यावा लागेल आणि त्याला जागा लागेल. जागा तर संपलेली. म्हणजे होती, निम्मी डिस्क ओस पडलेली होती. मी सरळ म्हटलं, शेठ, धाकट्याच्या वाट्यातली जागा तात्पुरती घेऊ. फोटो दिसला की परत मोकळी करून ठेवू. त्याला कळणारसुद्धा नाही.

शेठनी मॉनिटरवरचा हात काढला. खाली बसले.

"तवा पन मी असाच बोललेलो गो बाय," ते म्हणाले. "नाम्या, तुजा वाटा सद्या माज्या नावावर कर. काम जाला का परत देतंय. त्यानं सही केली. माज्यावर इसवास, वाचला पन नाय."

बाकीचं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. नामदेवला जमीन विकायची नव्हती. तो म्हणत होता, माझी खाचरं मी लावीन, तुझी तू विक. पण बिल्डरला अर्धा तुकडा नको होता. शेठनी दोघांचा मिळून देऊन टाकला. मोजणीवाले खुंट्या ठोकायला आले त्याच आठवड्यात नामदेव बायको-मुलीला घेऊन विठ्ठलवाडीला सासरच्यांकडे निघून गेला. समोरचा ब्लॉक त्याच्यासाठी ठेवलेला, त्याने किल्लीला हात लावला नाही. वाट्याचं काहीच घेतलं नाही. त्याला दहाएक वर्षं झाली होती. पण त्याचाही त्या शेतावर जीव होता. फोटो मोठा करून दाखवला तर येईल, एकदा तरी घरात पाऊल टाकेल, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता.

इतके शनिवार मी ज्याला म्हाताऱ्याचं खूळ समजत होते, ते हे होतं.

मग आम्ही जागा केली, शेठच्या निम्म्यातून. काय काय काढलं म्हणून सांगू? पत्त्यांचे खेळ काढले, रंगीत घड्याळ काढलं, त्यांना आवडणारा पडद्यावर पोहणारा मासा काढला. शेवटी लिनक्सबरोबर आलेली सगळी माहितीची पानं काढली, म्हणजे पोथी फेकून सत्यनारायण घातला. तरी कसाबसा ड्रायव्हर बसला. आणि एका शनिवारी, कुठला आकडा जुळला देव जाणे, पडदा लख्ख झाला. खऱ्या रंगात, काठोकाठ, शेत.

मला नाचावंसं वाटलं. शेठ मात्र जवळ जाऊन फोटोत कसलासा शोध घेतल्यासारखे बघत राहिले. मला वाटलं, मन भरून आलं असेल.

बारकूबाईंनी एका हळदीच्या कार्यक्रमात विठ्ठलवाडीकडच्या बायकांच्या हाती निरोप धाडला. नामदेव येतील असं मला काही वाटत नव्हतं. पण एका रविवारी दुपारी शेठनी मला बोलावून घेतलं. पडदा ऐन वेळी दगा द्यायचा म्हणून मी हाताशी हवी होते. शेठनी नवा सदरा घातला होता. फोटो आधीच लावून ठेवला होता.

नामदेव आले. मुलीने त्यांचं कोपर धरलं होतं. उंबऱ्यापाशी त्यांचा पाय हवेत थांबला आणि चाचपडू लागला. मुलगी हळूच म्हणाली, साखरेने दोन्ही डोळे गेले, तीन वर्षं झाली.

शेठ दारातच उभे होते. "मना कोनी सांगला पन नाय," एवढंच म्हणाले. कोण सांगणार होतं? आणि कुठल्या तोंडाने त्यांनी विचारलं असतं? त्यांनी पुढे होऊन भावाचा दुसरा हात धरला आणि त्याला कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत बसवलं.

मी पडद्याकडे बघितलं, आणि तेव्हा मला दिसलं. छोट्या फोटोत जे वाळवीचे ठिपके वाटले होते, ते ठिपके नव्हते. फोटो मोजणीच्या त्या आठवड्यातला होता. शेत उजाड होतं. दोघा भावांच्या मागे ओळीने मोजणीच्या खुंट्या उभ्या होत्या, डोक्याला लाल चिंध्या बांधलेल्या. इतके शनिवार खपून आम्ही तेवढंच स्पष्ट करून ठेवलं होतं.

शेठनी नामदेवचं बोट धरून काचेवर ठेवलं. "यो बांद. हितं तू, हितं मी." बोट हळूहळू पुढे नेत होते. "ही आंब्याखालची खाचर. आता ही तुजी."

नामदेवचं बोट तिथे थांबलं. काच कोमट होती. "दादा, भात लावलाय?"

शेठनी त्या खुंट्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"लावलाय रं," ते म्हणाले. "पोपटी जालाय निसता."

"माज्या खाचरान पन?"

"तुज्या पयला लावलाय."

नामदेवने हात काढला नाही. मी उठून बारकूबाईंना मदत करायला आत गेले. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. कपबशा धुतलेल्याच होत्या, त्या मी परत धुवायला घेतल्या.